बारा फ्रेम आणि समोरचा माणूस: मीडियम फॉरमॅट फिल्मची सुरुवात

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. मुळात ऐकण्यासाठी बोललेलं आहे, त्यामुळे वाक्यं जरा सैल आहेत. तेवढं सांभाळून घ्या.)

यवतमाळहून बोलतोय. मागे कूलरचा आवाज येत असेल तर माफ करा, तो बंद केला तर मी बंद पडेन.

गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "दादा, मीडियम फॉरमॅट फिल्म सुरू करायची आहे, कोणता कॅमेरा घेऊ?" कॅमेऱ्याचं सांगतो, रोल कसा भरायचा आणि कसा धुवायचा तेही सांगतो. पण त्याआधी माझ्या दुकानातलं एक काम सांगतो, कारण मी या भानगडीत पडलो ते त्या कामामुळे.

माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो, शाळेची ओळखपत्रं. आणि एक काम असं आहे की ज्याची पाटी कोणी लावत नाही. महिन्यातून दोन-तीनदा दोन माणसं येतात. बहुतेक एक मुलगा आणि एक जावई. मुलाचं डोकं भादरलेलं असतं. खुर्चीवर बसत नाहीत, उभ्यानंच फोन पुढे करतात आणि म्हणतात, "यातला बाबांचा मोठा करून पाहिजे. परवा तेरवी आहे."

त्या फोनमध्ये काय असतं? कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, त्यात बाबा मागच्या रांगेत अर्धे झाकलेले. नाहीतर आधार कार्ड. मग मी ते आधार कार्ड स्कॅन करतो, नखाएवढा चेहरा ताणून बारा बाय अठरा इंचांचा करतो, मागचं काढून निळं आभाळ टाकतो, फ्रेम करून देतो. साठ-सत्तर वर्षं कापूस पिकवलेला माणूस, आणि भिंतीवर त्याचा चेहरा कसला? "हलू नका, इकडे बघा" म्हटल्यावर दचकलेला. पुढची वीस वर्षं नातवंडं त्या दचकलेल्या माणसाला नमस्कार करतात.

हे काम करून दुकानात बसलो की मला वाईट वाटायचं. फोटो काढणं हाच माझा धंदा, आणि गावातल्या माणसाचा एक नीट फोटो तो जिवंत असताना कोणी काढत नाही. त्या कोणीमध्ये मीही आलोच.

आता तुम्ही म्हणाल, त्यासाठी फिल्मच कशाला पाहिजे? फोनवर काढ की. बरोबर आहे. चांगला फोन, खिडकीजवळची खुर्ची, झालं काम. फिल्मनं माणूस जास्त खरा दिसतो वगैरे मी सांगणार नाही. पण माझं मला माहीत आहे. फोन हातात असला की मी चाळीस फोटो काढतो आणि एकही बघत नाही. बारा फोटोंचा कॅमेरा हातात आला तेव्हा पहिल्यांदा मी समोरच्या माणसाकडे बघायला लागलो. फायदा एवढाच.

आता मुद्द्याचं. मीडियम फॉरमॅट म्हणजे आजच्या घडीला १२० नंबरची फिल्म. कोडॅकनं ती १९०१ साली ब्राउनी कॅमेऱ्यासाठी आणली, आणि अजून मिळते. लग्नाच्या रोलसारखा तिला पत्र्याचा डबा नसतो. एक लांब फिल्म, तिच्या पाठीला काळा कागद, आणि दोन्ही मिळून एका रिळावर गुंडाळलेलं. कागदावर आकडे छापलेले असतात. जुन्या कॅमेऱ्याच्या पाठीला लाल खिडकी असते ना, ती ते आकडे बघायला.

एका रोलमध्ये किती फोटो, हे कॅमेऱ्यावर अवलंबून. ६ बाय ४.५ सेंटिमीटरची चौकट असेल तर पंधरा-सोळा, ६ बाय ६ असेल तर बारा, ६ बाय ७ ला दहा, ६ बाय ९ ला आठ. मी ६ बाय ६ वापरतो. निगेटिव्ह प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर चौरस येते. नेहमीच्या ३५ एमएमची २४ बाय ३६. क्षेत्रफळ काढलं तर आपली साडेतीन पटींहून मोठी. बारा इंचांचा चौकोनी फोटो करायचा तर आपली निगेटिव्ह साडेपाच पट मोठी करावी लागते, ३५ एमएमची जवळपास तेरा पट. आधार कार्डावरून करायचं तर विचारूच नका. भिंतीवर लावायच्या फोटोला ही निगेटिव्ह का बरी, ते या आकड्यांत आलं.

आता एक गोष्ट आपल्या शेजारची. यवतमाळहून दीड-दोन तासांवर सेवाग्राम. आपल्यापैकी बहुतेक जण शाळेच्या सहलीत तिथं जाऊन आलेत. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले. त्यांच्यासोबत आश्रमात कनू गांधी नावाचा विशीतला मुलगा होता. नारणदास गांधींचा मुलगा, नात्यानं गांधीजींचा नातूच. त्याला फोटो काढायचे होते. गांधीजी म्हणाले, आश्रमाकडे यासाठी पैसे नाहीत. पुढे घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून कनूभाईंनी एक रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्मचा रोल घेतला. रोलायफ्लेक्स म्हणजे दोन लेन्सचा, चौकोनी फोटो काढणारा जर्मन कॅमेरा. आपला विषय तोच.

गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि आश्रम या कामाला पैसा देणार नाही.

आता बापूकुटी आठवा. मातीच्या भिंती, बुटकं छप्पर, लहान खिडक्या. आणि तेव्हाची फिल्म आजच्या मानानं मंद. त्यात फ्लॅश नाही, आणि समोरचा माणूस तुमच्यासाठी क्षणभरही थांबणार नाही. तरीही कनूभाईंनी जवळपास दहा वर्षं, १९४८ पर्यंत, गांधीजींचे फोटो काढले. काहींत हालचाल पुसट झाली आहे, काही काळपट आहेत. पण त्या फोटोंतला माणूस लिहितो आहे, चालतो आहे, कुणाचं ऐकतो आहे. कॅमेऱ्याकडे बघून दचकलेला नाही.

मी सुरुवात करताना या तीन अटी वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या. उजेड आहे तोच वापरायचा. माणूस आहे तिथं आणि आहे तसा. आणि खर्च आपल्या खिशातून, ज्याचा फोटो काढतो त्याच्याकडून एक रुपया नाही. नवशिक्याला याहून चांगला अभ्यासक्रम मला तरी सापडला नाही.

कॅमेऱ्याकडे वळू. आधी घरातली कपाटं उघडा. खरंच. अगफा क्लिक थ्री नावाचा कॅमेरा आपल्याकडे भारतात तयार व्हायचा आणि मध्यमवर्गीय घरांत पुष्कळ होता. तो १२० फिल्मवर चालतो, बारा चौकोनी फोटो देतो. त्यात ऊन आणि ढग एवढे दोनच पर्याय. लेन्स साधी, कडा मऊ येतात. पण आजोबांचा कॅमेरा माळ्यावर पडला असेल तर पहिला रोल त्यातच घाला. फुकटात शिकाल.

विकत घ्यायचा असेल तर दोन लेन्सचा, म्हणजे टीएलआर घ्या. याशिका मॅट, रोलायकॉर्ड, रशियन ल्युबिटेल, चिनी सीगल. माझ्याकडे याशिका मॅट १२४ जी आहे. ८० एमएमची लेन्स, एफ ३.५. वरच्या लेन्समधून आपण बघतो, खालची फोटो काढते. आत आरसा असल्यानं चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. माणूस चौकटीत डावीकडे सरकवायचा असेल तर हात नेमका चुकीच्या बाजूला जातो. आठवडाभर रोल न घालता घरात नुसतं बघत फिरा, सवय होते.

जुना कॅमेरा घेताना चार गोष्टी बघा. पाठ उघडून लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. शटर एका सेकंदाला लावून ऐका, जुनं वंगण घट्ट झालेलं असतं, एकाचे तीन सेकंद होतात. पाठीच्या खाचेतला फोम चिकट झाला असेल तर बदलावा लागेल. आणि आतला उजेड मोजणारा मीटर चालतो म्हणून जास्त पैसे देऊ नका. त्याच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. फोनवरचं मीटरचं अॅप पुरतं.

फिल्म एकच ठरवा. मी इलफोर्ड एचपी ५ वापरतो, काळी-पांढरी, ४०० आयएसओ. एकेकाळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म मिळायची, जुने स्टुडिओवाले अजून तिचं नाव काढतात. आता सगळं बाहेरून येतं, म्हणून महाग. मी मागचा रोल घेतला तेव्हा हजाराच्या आसपास पडला. बारानं भागा. एका क्लिकला ऐंशी रुपयांच्या वर. रोल फ्रिजमध्ये ठेवा, पण काढल्यावर तासभर बाहेर राहू द्या, नाहीतर घाम धरतो. आणि मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत विसरू नका.

आता माझ्या चुका ऐका, त्या तुम्ही करू नका.

पहिला रोल मी उलटा भरला. म्हणजे कागद लेन्सकडे आणि फिल्म पाठीकडे. बारा फोटो काढले, सगळे कागदाचे. रोल भरताना काळा कागद पाठीच्या झाकणाकडे पाहिजे हे लक्षात ठेवा. कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेसमोर आला की थांबायचं, मग झाकण लावायचं. दुसरा रोल मी भर उन्हात, रस्त्यावर उभं राहून काढला. रीळ सैल गुंडाळलं गेलं होतं, कडेनं उजेड शिरला. रोल नेहमी सावलीत बदलायचा, आणि काढल्याबरोबर घट्ट करून त्याची पट्टी चिकटवायची.

तिसऱ्या रोलची चूक वेगळी होती. ती शेवटी सांगतो.

उजेडाचं आपल्या मातीतलं एक उदाहरण देतो. मीटर मूर्ख असतो. त्याला वाटतं जगातली प्रत्येक वस्तू मध्यम करडी आहे. दिवाळीनंतर फुटलेल्या कापसाच्या शेतात जा आणि मीटर कापसावर धरा. तो म्हणेल, फार उजेड आहे, कमी कर. त्याचं ऐकलं तर पांढरा कापूस करडा, मळकट येईल. तिथं दीड-दोन स्टॉप जास्त द्यायचे. आता नांगरलेल्या काळ्या मातीवर धरा. तो म्हणेल, अंधार आहे, वाढव. ऐकलं तर काळी माती राखेसारखी दिसेल. तिथं स्टॉपभर कमी करायचं. कापूस आणि काळी माती, एवढं कळलं की एक्स्पोजरचं अर्धं पुस्तक वाचून झालं.

माणसाच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडचा म्हातारा माणूस म्हणजे पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि उन्हात रापलेला चेहरा. मीटर टोपी बघतो आणि चेहरा काळा करतो. म्हणून जवळ जा, मीटर चेहऱ्यावर धरा. जवळ जायला संकोच वाटत असेल तर त्याच उजेडात आपला तळहात धरा आणि मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त द्या. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हला थोडा जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. सावलीत जे नोंदलंच गेलं नाही ते नंतर कुठून आणणार?

आता तिसरा रोल.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, राळेगावकडे शेती करायचे. मी ठरवलं की भिंतीवरचा पहिला नीट फोटो त्यांचा. मे महिन्यात सकाळी साडेसातला गेलो. ते ओसरीत खाटेवर बसले होते, रोज बसतात तिथंच. अट दोन: माणूस हलवायचा नाही. म्हणून मी माझं तिपाई इकडून तिकडे हलवत बसलो. अंगणातला उजेड सारवलेल्या जमिनीवरून उसळून त्यांच्या चेहऱ्यावर येत होता. तसा उजेड मला स्टुडिओत चार दिवे लावून जमत नाही. एक तीसांश सेकंद, एफ ५.६.

टीएलआरमध्ये मान खाली घालून बघावं लागतं. मी बराच वेळ खाली बघत राहिलो तर मोठे बाबा म्हणाले, "खाली काय पाहून राह्यला बे? काई पडलं काय?"

मी त्यांना रोलची किंमत सांगितली. म्हणाले, "एका फोटोले ऐंशी रुपये? मंग पहिले च्या पिऊ. मंग काढ."

चहा प्यायलो. आणि त्या चहात मला या कॅमेऱ्याची खरी पद्धत सापडली. ती सांगतो, कारण हे पुस्तकात सहसा नसतं. कॅमेरा तिपाईवर लावा. खाली बघून फोकस डोळ्यांवर करा. शटरला केबल रिलीज जोडा, पन्नास-साठ सेंटिमीटरची लवचीक तार असते. मग मान वर करा आणि कॅमेरा विसरून जा. माणसाशी बोला. या वर्षी किती एकर कापूस, किती तूर, बैल विकला त्याचं काय झालं. बोलताना एक क्षण असा येतो की माणूस बोलून थांबतो आणि तुमच्याकडे बघतो. तेव्हा बोट दाबायचं. टीएलआरचं शटर इतकं हळू वाजतं की त्याला कळतही नाही. फक्त एक लक्षात ठेवा, या लेन्सनं जवळून फोटो काढताना फोकसची पट्टी बारीक असते. माणूस वीतभर पुढे झुकला की डोळे गेले. मध्येमध्ये खाली बघून फोकस तपासत राहा.

बारा फोटो काढायला सव्वा तास लागला. घरी आलो तो उड्या मारत.

आणि मग मी घाई केली. काळी-पांढरी फिल्म घरी धुता येते, अवघड नाही. उजेड न शिरणारा टँक लागतो, आणि फिल्म त्याच्या चक्रीवर चढवायला हात घालायची काळी पिशवी. डेव्हलपर, पाणी, फिक्सर, पुन्हा पाणी. एचपी ५ ला आयडी-११ हा डेव्हलपर निम्म्यास निम्मं पाणी घालून वापरला तर २० अंशाला १३ मिनिटं. २० अंश! युरोपातल्या नळाला २० अंशांचं पाणी येत असेल. आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात चहाला चालेल असं.

मी डेव्हलपर बर्फात ठेवून बरोबर २० अंशांवर आणला आणि स्वतःवर खूश झालो. फिक्सर मात्र तसाच गरम. आणि धुवायचं पाणी थेट टाकीचं. गरम पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, भिजलेल्या पापडासारखा मऊ होतो. त्यात मी फिल्म टांगून दोन बोटांच्या चिमटीत धरून पाणी निपटलं. वरपासून खालपर्यंत रेघ. बारा फ्रेममधून, बारा मोठ्या बाबांवरून.

काही फ्रेममध्ये रेघ चेहऱ्यावरून गेली, काहींत कानावरून. एका फ्रेममध्ये मोठे बाबा थोडे कलून बसले होते, त्यात ती खांद्यावरून गेली. तेवढी एक बरी.

म्हणून आता नीट ऐका. नेमके २० अंशच पाहिजेत असं नाही. सगळी द्रावणं आणि सगळं पाणी एकाच तपमानाचं पाहिजे. आपल्याकडे त्यासाठी उत्तम यंत्र आहे, त्याला माठ म्हणतात. उन्हाळ्यात आपली हवा कोरडी, म्हणून माठातलं पाणी चोवीस-पंचवीस अंशांपर्यंत उतरतं. मी आता आदल्या रात्री माठ भरतो आणि सगळी द्रावणं त्याच पाण्यात बनवतो, त्याच पाण्याच्या टबात ठेवतो, पहाटे पाचला काम करतो. २४ अंशाला त्या डेव्हलपरला साधारण ९ मिनिटं पुरतात. डेव्हलपिंगची वेळ पाच मिनिटांच्या खाली नेऊ नका, डाग येतात. पावसाळ्यात माठ तेवढा गार करत नाही, पण तेव्हा टाकीचं पाणीही तेवढं तापत नाही.

पाण्याचं आणखी एक. आपल्याकडे टँकरची आठवण सगळ्यांना आहे, नळ सोडून अर्धा तास फिल्म धुणं मनाला पटत नाही. गरजही नाही. टँक भरा, पाच वेळा उलटा-सुलटा करा, पाणी ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झालं. इलफोर्डनंच सांगितलेली पद्धत आहे. शेवटचं एक पाणी बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घ्या, त्यात वेटिंग एजंटचा थेंब टाका, आणि फिल्म टांगून हात मागे घ्या. बोट लावायचं नाही. पाणी आपोआप गळतं. आणि वापरलेला फिक्सर विहिरीजवळ, झाडात किंवा नालीत ओतू नका, त्यात चांदी असते. कॅनमध्ये साठवा. पूर्वी स्टुडिओंतून तो चांदीसाठी विकत नेला जायचा.

तर, तिसरा रोल बिघडला. मी मोठ्या बाबांना फोन केला. म्हटलं, पुन्हा येतो. ते म्हणाले, ये की, कापूस लागला की ये, तेव्हा शेतातच काढ. मलाही पटलं. कापसातला फोटो, उजेड कसा मोजायचा तेही आता येत होतं. दिवाळीनंतर जायचं ठरवलं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी ते गेले.

चुलतभाऊ दुकानात आला. डोकं भादरलेलं. उभाच होता. त्यानं फोन पुढे केला नाही. म्हणाला, "तू काढला होता ना दादा, मे महिन्यात?"

ती खांद्यावरच्या रेघेची निगेटिव्ह मी काढली. लाइट पॅनेलवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्यानं तिचा फोटो घेतला, मॅक्रो लेन्सनं. स्कॅनर नसला तरी असं जमतं. रेघ संगणकावर पाच मिनिटांत पुसली. निळं आभाळ टाकलं नाही. मागे ओसरीचा खांब आहे, टांगलेला कंदील आहे, ते तसंच ठेवलं. बारा इंच चौकोनी प्रिंट.

तेरवीला मोठ्या आईनं तो हातात घेतला. पुष्कळ वेळ बघत होती. मग म्हणाली, "हे डोये त्याईचेच हायेत. कोनाकडं पाहून राह्यले होते?"

म्हटलं, "माझ्याकडं, मोठी आई. बैलाचं सांगत होते."

ती म्हणाली, "मंग बराबर हाय."

मंडळी, तो फोटो तांत्रिकदृष्ट्या साधा आहे. आणखी एक सांगतो, मला त्याचं समाधान पूर्ण नाही. कापसातला फोटो राहिला तो राहिलाच. बिघडलेला रोल पुन्हा काढता येतो असं मी समजून चाललो होतो, आणि ती माझी तिसऱ्या रोलची खरी चूक. गरम पाणी त्यानंतरची.

त्यामुळे सुरुवात कशी करायची, ते आता थोडक्यात सांगतो. एक कॅमेरा, एक फिल्म, एक डेव्हलपर. वर्षभर बदलायचं नाही. पहिले दोन रोल बिघडायला ठेवा. त्यावर झाडं काढा, बैल काढा, शकुंतलेचं बंद पडलेलं स्टेशन काढा, ते कुठं पळून जात नाही. मुदत संपलेला एखादा रोल मिळाला तर तो सरावाला ठेवा, उजेडात डोळे मिटून चक्रीवर चढवायला शिका. एक वही करा. प्रत्येक फ्रेमपुढे शटर, अपर्चर आणि उजेड कुठून येत होता ते लिहा. चूक कुठं झाली ते वही सांगते.

आणि तिसरा रोल भरला की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा. दिवाळीनंतर नाही. येत्या रविवारी. सकाळी लवकर, ओसरीत. शिकून पूर्ण होईपर्यंत थांबू नका, मी थांबलो होतो. फ्लॅश नको, "हसा" म्हणायचं नको, पैसे घ्यायचे नाहीत. पहिले चहा प्या. मग काढा.

दोन प्रिंट करा. एक त्यांच्या हातात द्या, त्यांना बघू द्या. आपला भिंतीवरचा फोटो कसा असावा हे ज्याचं त्यानं बघायला काय हरकत आहे? माझ्या ओळखीतल्या एका आजीनं तिचा फोटो पाहून सांगितलं, "लुगडं दुसरं नेसते, पुन्हा काढ." काढला. तिचा हक्कच आहे.

पुढच्या भागात निगेटिव्ह डिजिटल कॅमेऱ्यानं कशी उतरवायची ते सविस्तर बोलू, कारण त्यावर प्रश्न बरेच आलेत. तुमचा रोल बिघडला असेल तर तेही कळवा, लाज वाटून घेऊ नका.

चला, भेटू. आणि माठ भरून ठेवा.